बुलेटचा सायलेन्सर बदलण्याआधी जरा कानाचं ऐका

रॉयल एनफिल्डची नवी बुलेट किंवा क्लासिक दारात उभी राहिली, नारळ फुटला, पेढे वाटून झाले की चौथ्या मिनिटाला कुणीतरी विचारतंच, "सायलेन्सर कुठला टाकणार?" पुणं, सातारा, सांगली, कोल्हापूर, कुठंही जा, प्रश्न तोच. मग शॉर्ट बॉटल, गोल्डस्टार, मेगाफोन, इंदोरी, पंजाबी अशी यादी सुरू होते, मोबाइलवर आवाजाचे व्हिडिओ फिरतात. आमच्या रायडिंग ग्रुपवरही हा वाद बरेच दिवस चाललाय. तिथं दोन-दोन ओळींत लिहून माझं समाधान होत नाही, म्हणून इथं सविस्तर लिहितोय.

माझं मत आधीच सांगून टाकतो. कंपनीचा सायलेन्सर काढू नका. आणि हायवेला लागताना हेल्मेटच्या आत कानात इअरप्लग घातल्याशिवाय गिअर टाकू नका. सायलेन्सरला जे पाच-सात हजार घालवणार होता, त्यातले शे-दोनशे प्लगवर घाला, बाकीच्याचं पेट्रोल टाका.

बुलेटच्या आवाजावर माझं मनापासून प्रेम आहे, त्यामुळे हे कुणी मोटरसायकलद्वेष्टा सांगतोय असं समजू नका. पण ती धडधड नेमकी येते कुठून, हे समजून घेतलं पाहिजे. ३५० सीसीचं एकच सिलिंडर, फोर स्ट्रोक. क्रँकच्या दोन फेऱ्या झाल्या की एकदा स्फोट. म्हणजे ३००० आरपीएमला मिनिटाला १५०० स्फोट, सेकंदाला २५. गाडी नुसती उभी राहून चालू असताना, म्हणजे आयडलला, तर सेकंदाला आठ-नऊच. आपल्याला जी छातीत जाणवते ती धडधड म्हणजे हे मोजता येतील असे जाडजूड ठोके. त्यांच्यासोबत दर ठोक्याला एक तीक्ष्ण, फाटल्यासारखा आवाजही बाहेर पडायला बघतो. सायलेन्सरचं काम त्या फाटक्या आवाजाला आत अडवणं.

आमच्या मिस्त्रींनी एकदा अपघातात चेपलेला कंपनीचा सायलेन्सर ग्राइंडरवर उभा कापून आम्हाला दाखवला होता. आत पत्र्याच्या भिंती घालून कप्पे केलेले, भिंतींतून आरपार गेलेल्या नळ्या, नळ्यांना बारीक भोकं. धूर पहिल्या कप्प्यात येतो, आपटतो, मागं फिरतो, दुसऱ्या नळीतून पुढं जातो, तेव्हा कुठं बाहेर पडतो. या येण्याजाण्यात आवाजाच्या लाटा एकमेकींना मारतात. शेजारीच बाजारातला एक उघडला होता. त्यात सरळ एक नळी, तिला जाळी, जाळीभोवती ग्लासवूल गुंडाळलेलं, आणि तेही जळून अर्धं उडून गेलेलं. एका टोकाला डोळा लावला तर दुसऱ्या टोकाचा उजेड दिसत होता. "नवा होता तेव्हा बरा वाजायचा, आता फारच वाजतो" असं लोक म्हणतात त्याचं कारण हे ग्लासवूल. त्या दिवशी मला पटलं की आतले कप्पे काढून धडधड वाढत नाही. धडधड होती तेवढीच राहते, तिच्यावर कर्कश टर्रटर्र चढते आणि मूळ ठोका त्याखाली बुजून जातो. जुन्या कास्ट आयर्न बुलेटवाल्यांना विचारा. त्यांची गाडी गल्लीच्या तोंडाशी आली की ओळखू यायची, आणि तरी घरातलं माणूस दचकायचं नाही.

"मोकळा केला की पिकअप वाढतो" हेही ऐकून कंटाळलोय. हल्लीच्या गाडीला इंजेक्शन आहे, इंजिनातून निघणाऱ्या बेंड पाइपात धुरातला ऑक्सिजन मोजणारा ओटू सेन्सर आहे, २०२० नंतरच्या बीएस ६ गाडीत धुरातले विषारी वायू कमी करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर आहे. हे सगळं त्या एका सायलेन्सरला धरून जुळवलेलं असतं. तुम्ही पुढचं काहीच न बदलता मागचं टोक उघडं केलंत तर हवा-पेट्रोलचं मिश्रण बिघडतं, खालच्या आरपीएमला ओढ उलट कमी होते. आवाज वाढला की वेग वाढल्याचा भास होतो, एवढंच. आणि चालत्या गाडीत किल स्विच बंद-चालू करून जे फटाके फोडतात, ते तर न जळलेलं पेट्रोल तापलेल्या पाइपात पेटल्याचे धमाके. त्यात कॅटॅलिटिक कन्व्हर्टरची वाट लागते. माझ्या वडिलांचं हृदयाचं ऑपरेशन झालं त्या महिन्यात आमच्या रस्त्यावर रात्री अकराला कुणीतरी रोज असले फटाके फोडत जायचा. वडील झोपेतून उठून बसायचे, छातीवर हात ठेवून. फटाका सायलेन्सरला कुणी "शौक" म्हटलं की मला ते आठवतं आणि तिडीक येते.

कायद्याचं थोडक्यात. १७५ सीसीच्या वरच्या मोटरसायकलला कारखान्यातून बाहेर पडताना ८० डेसिबलची मर्यादा आहे. ही चाचणी धावती गाडी साडेसात मीटरवरच्या मायक्रोफोनसमोरून नेऊन होते. आपल्या पुण्यात वेताळ टेकडीवर एआरएआय ही वाहनांची चाचणी संस्था आहे, तिथं असल्या चाचण्या चालतात. रहिवासी भागात रात्रीची मर्यादा ४५ डेसिबल, दवाखाने, शाळा, कोर्टांभोवती १०० मीटर शांतता क्षेत्र. गाडीत परस्पर बदल केला तर मोटार वाहन कायद्याच्या २०१९ च्या सुधारणेनंतर दर बदलामागे पाच हजार दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद असं कलम १८२ अ मध्ये लिहिलंय, आणि आवाजाचा नियम मोडल्याबद्दल कलम १९० खाली दहा हजारांपर्यंत दंड किंवा कैद, वर तीन महिने लायसन्स जाऊ शकतं. जप्त सायलेन्सरवर रोड रोलर फिरवल्याचे फोटो आपण सगळ्यांनी पाहिलेत. तरीही कुणाला बदलायचाच असेल तर गाडीच्या कंपनीने तुमच्या मॉडेलसाठी मंजूर केलेलाच घ्या आणि मंजुरीचा कागद मागून घ्या. दुकानदार "हा एक स्क्रू काढला की झालं" म्हणून डीबी किलर, म्हणजे आवाज दाबणारा आतला तुकडा, उपसून दाखवायला लागला की तिथून निघा.

आता ग्रुपवरचा सगळ्यात हट्टी मुद्दा. "आवाज असला की ट्रकवाल्याला कळतं, जीव वाचतो." अमेरिकेतले हार्लेवालेही पिढ्यान्पिढ्या हेच म्हणत आलेत. पण तिकडेच, कॅलिफोर्नियात, हॅरी हर्ट यांच्या पथकाने ९०० मोटरसायकल अपघातांचा जागेवर जाऊन अभ्यास केला. १९८१ च्या त्यांच्या अहवालात तीन चतुर्थांशांहून जास्त अपघातांत धोका समोर, सरळ रेषेच्या दोन्ही बाजूंना ४५ अंशांच्या आत होता. सायलेन्सरचं तोंड मागं आहे. समोरून वळणारा टेम्पो, काचा वर करून एसी लावलेली गाडी, यांना तुमचा आवाज ऐकू येईपर्यंत तुम्ही त्यांच्या बॉनेटजवळ असता. दिसायचं असेल तर दिवा, रिफ्लेक्टरचं जाकीट आणि ट्रकच्या आंधळ्या कोपऱ्यातून लवकर बाहेर पडायची सवय जास्त कामाची. मागं राहिलेल्या गावाला जागं करून पुढचा ट्रक थांबत नाही.

पण खरं तर मला लिहायचंय ते पुढचं. सायलेन्सरच्या वादात आपण एक गोष्ट विसरतो. ताशी साठ-पासष्ट किलोमीटरच्या पुढं गेलात की तुमच्या कानात सगळ्यात मोठा आवाज इंजिनाचा नसतो, वाऱ्याचा असतो. हेल्मेटच्या खालच्या कडेला, हनुवटीपाशी हवा फाटते आणि तो घोंघाट थेट कानाशी कोंडतो. महागडं हेल्मेट असलं तरी. शंभरच्या वेगाला हेल्मेटच्या आत हा आवाज शंभर डेसिबलच्या आसपास जातो. अमेरिकेची नायॉश ही कामगारांच्या आरोग्यावर काम करणारी सरकारी संस्था ८५ डेसिबलला दिवसाचे आठ तास पुरे म्हणते, आणि पुढं दर तीन डेसिबलला वेळ निम्मा. ८८ ला चार तास, ९१ ला दोन, ९४ ला एक, ९७ ला अर्धा तास. १०० ला पंधरा मिनिटं. पुण्याहून कोल्हापूरला निघालेल्या माणसाची ही पंधरा मिनिटं खंबाटकीच्या कितीतरी आधीच संपलेली असतात.

माझा मावसभाऊ अमेरिकेत असतो. गुडघ्याच्या दुखण्यामुळे त्यानं दोन चाकांची गाडी सोडून ट्राइक घेतली, मागं दोन चाकं असलेली मोठी टूरिंग गाडी. मागं दोन्ही बाजूंना एकेक सायलेन्सरचा पाइप. डोकं भणभणतं म्हणून त्यानं आधीच्या मालकानं लावलेले मोठ्या आवाजाचे पाइप काढून शांत बसवले. शेजाऱ्यांना बरं वाटलं, याचं डोकं तसंच. मग एकदा मोकळ्या रस्त्यावर तो समोरच्या काचेच्या, म्हणजे विंडस्क्रीनच्या मागं चार बोटं खाली वाकला आणि आवाज झटकन पडला. विंडस्क्रीनच्या वरच्या कडेवरून येणारी हवा बरोबर हेल्मेटवर आदळत होती. स्क्रीनची उंची बदलली, प्लग घातले, तेव्हा फरक पडला. आपल्याकडे हिमालयन किंवा मीटिअरला उंच व्हायझर लावणाऱ्यांनी ही वाकून बघायची चाचणी जरूर करावी. स्क्रीन जितकी मोठी तितकं शांत, हे गृहीत धरू नका.

कान जातात कसे, हे नीट कळलं तर बाकी काही सांगावं लागणार नाही. आतल्या कानात शंखासारख्या नळीत बारीक केसांच्या पेशी असतात, एका कानात साधारण पंधरा हजार. मोठ्या आवाजानं त्या मरतात आणि माणसात त्या पुन्हा उगवत नाहीत. सुरुवात बहुतेक वेळा ४००० हर्ट्झच्या आसपास होते, म्हणजे वरच्या पट्टीत. म्हणून बहिरेपण आलंय हे कळतच नाही. माणसाला ऐकू येतं, पण शब्द लागत नाहीत. स, श, फ, च ही अक्षरं वरच्या पट्टीतली, तीच आधी गळतात. दुकानदार "साठ" म्हणतो आणि तुम्हाला "आठ" ऐकू येतं. बायको स्वयंपाकघरातून हाक मारते, आवाज पोचतो, काय म्हणाली ते पोचत नाही, आणि घरात चिडचिड सुरू होते. आमच्या ग्रुपमधले एक काका, आयुष्यभर बुलेट चालवलेले, आता गप्पांत नुसते मान हलवतात. त्यांच्या कानात दिवसरात्र बारीक शिट्टी वाजत असते. रात्री पंखा लावल्याशिवाय त्यांना झोप येत नाही, कारण पंख्याच्या आवाजात ती शिट्टी थोडी झाकली जाते. लांबच्या राइडनंतर हॉटेलात पोचल्यावर कानात दडे बसल्यासारखं होतं ना? दुसऱ्या दिवशी ते जातं म्हणून आपण निश्चिंत होतो. तो कानाचा पहिला इशारा आहे.

उपाय स्वस्त आहे. मेडिकलमध्ये किंवा सेफ्टी शूज-हातमोजे विकणाऱ्या दुकानात फोमचे प्लग वीस-तीस रुपयांत जोडी मिळतात. पण नुसते कानाच्या तोंडाशी अडकवले तर उपयोग शून्य. हात स्वच्छ करा. प्लग बोटांत फिरवून फिरवून एकदम बारीक वळा, वातीसारखा. उजव्या कानात घालताना डावा हात डोक्यावरून घेऊन उजवा कान वर आणि मागं ओढा. कानाची नळी सरळ होते. मग प्लग आत सारा आणि बोटानं अर्धा मिनिट दाबून धरा, तो आत फुगेपर्यंत. बरोबर बसला की स्वतःचं बोलणं डोक्याच्या आतून आल्यासारखं वाटतं. पाकिटावर २९ डेसिबल लिहिलं असेल तर प्रत्यक्षात निम्मं धरा, पंधराच्या जवळ. तरी शंभराचे पंच्याऐंशी झाले. म्हणजे पंधरा मिनिटांची मर्यादा आठ तासांवर गेली. फोम टोचत असेल तर सिलिकॉनचे, फिल्टरवाले मिळतात. ऑडिओलॉजिस्टकडे कानाचं माप देऊन साच्याचेही करून घेता येतात, ते महाग, पण हेल्मेटखाली टोचत नाहीत. गळ्याभोवती बफ, म्हणजे नळीसारखा कापडी पट्टा, घट्ट घेतला तरी खालून घुसणारा वारा बराच कमी होतो.

"मग हॉर्न कसा ऐकू येणार?" हायवेवर प्लग घालून एकदा जाऊन बघा. वाऱ्याचा घोंघाट आणि हॉर्न दोन्ही कमी होतात, त्यामुळे हॉर्न त्या घोंघाटात बुडत नाही. मला तर मागच्या गाडीचा हॉर्न प्लग घातल्यावर जास्त स्पष्ट कळतो, चेन सैल झाल्याची खरखरही कळते, आणि संध्याकाळी मुक्कामी पोचल्यावर डोकं हलकं असतं. शहरात शिरलात, वेग चाळीसवर आला की काढून खिशात ठेवा. तिथं वारा नाही आणि बारीकसारीक आवाज ऐकणं गरजेचं आहे. प्लगच्या जागी हेल्मेटमध्ये इअरफोन घालून गाणी लावणं हा मात्र उलटा कारभार झाला. वाऱ्यावर मात करायला गाणं आणखी मोठं करावं लागतं.

चाळिशी ओलांडलेल्यांनी एकदा ऑडिओमेट्री करून घ्यावी. बंद केबिनमध्ये बसवतात, कानाला हेडफोन, बारीक आवाज आला की बटण दाबायचं. दुखत नाही, खुपत नाही. मुंबईत वांद्र्याला अली यावर जंग संस्थेत होते, बहुतेक मोठ्या सरकारी रुग्णालयांच्या कान-नाक-घसा विभागातही होते. हातात येणाऱ्या आलेखावर ४००० हर्ट्झपाशी खड्डा दिसतोय का ते डॉक्टरांना विचारा. दर दोन-तीन वर्षांनी तोच आलेख जुन्याशेजारी ठेवून बघा.

आणि मागे बसणाऱ्यांचं. बायको असो, मुलगी असो, मित्र असो, सायलेन्सरचं तोंड त्यांच्या जास्त जवळ असतं, आणि तुमच्या हेल्मेटवरून फाटून आलेली हवा त्यांच्या डोक्यावर आदळते. त्यांना कुणी विचारतही नाही की कानाला त्रास होतोय का. प्लग घ्याल तेव्हा दोन जोड्या घ्या, आणि कान ओढून घालायची पद्धत त्यांनाही एकदा दाखवा.