शिकाऊ शिक्षक

सॉफ्टवेअरमधली नोकरी गेली तेव्हा मी सेहेचाळीस वर्षांचा होतो आणि वेळ जात नाही म्हणून मुलीला अल्जिब्रा शिकवत होतो. तिला तो समजला, तिथेच घात झाला. त्या रात्री मी जाहीर केलं, "मी गणिताचा शिक्षक होणार." बायकोने मोबाइलमधून मान वर केली नाही. म्हणाली, "कॉलेजात गणिताच्या एम-थ्री पेपरात नापास होऊन केटी लागली होती ती तुलाच ना?"

न्यू जर्सीत शिक्षक व्हायला कॉलेजातून जाणारा हमरस्ता आहे, तशी १९८५ पासून एक आडवाटही आहे. तिचं नाव 'अल्टरनेट रूट'. दुसऱ्या धंद्यात उमेदीची वर्षं घालवलेल्या माणसाने आधी वर्गात उभं राहायचं आणि शिकवायचं कसं, ते शिकवता शिकवता शिकायचं. थोडक्यात, आधी विहिरीत ढकलायचं आणि मग काठावरून पोहण्याचा अभ्यासक्रम वाचून दाखवायचा.

आडवाटेला टोलनाके मात्र फार. पहिला मार्कशीटचा. परदेशी पदवीचं विषयवार मूल्यमापन करून घ्यायचं आणि त्यात गणिताची ३० क्रेडिट भरून दाखवायची. ज्या पेपरांतून सुटलो म्हणून आईने सत्यनारायण घातला होता, त्यांचीच नावं मी आता सोनाराच्या तराजूत घालावीत तशी घालत होतो. एम-थ्रीपुढे दोन नोंदी होत्या, एक नापासाची आणि एक पासाची. आम्हाला व्हिसासाठी वर्षानुवर्षं रांगा. केटी मात्र बिनव्हिसा सातासमुद्रापार आली.

दुसरा नाका 'प्रॅक्सिस' नावाच्या परीक्षेचा. गणिताच्या पेपरात ६६ प्रश्न, तीन तास, कॅल्क्युलेटर स्क्रीनवरच. गुण १०० ते २०० या पट्टीत मोजतात. म्हणजे कितीही दिवे लावले तरी १०० कुठे जात नाहीत! ही उदारता आमच्या विद्यापीठाला सुचली असती तर बायकोकडे बोलायला विषय उरला नसता. असो, पास झालो.

तिसऱ्या नाक्याची मला कल्पनाच नव्हती. शरीरशास्त्र आणि आरोग्य! शिक्षक गणिताचा असो नाहीतर चित्रकलेचा, कॉलेजात जीवशास्त्रासारखं काही केलेलं नसेल तर त्याने या विषयाची छोटी परीक्षा द्यायची. दारूचे आणि अमली पदार्थांचे परिणामही त्यात आले. बारावीनंतर मी जीवशास्त्राचं तोंड पाहिलं नव्हतं. त्यामुळे आठवडाभर आमच्या घरी रात्री जेवताना यकृतावर चर्चा चालली. मुलगी प्रश्न विचारायची. मी चुकलो की "बाबा, फोकस!" म्हणायची. हे वाक्य माझंच, गेली पाच वर्षं तिच्यावर वापरलेलं. परत आल्यावर किती लागतं, ते कळलं.

एवढं करून हाती आलं 'सर्टिफिकेट ऑफ एलिजिबिलिटी'. मी पेढे वाटायच्या बेतात होतो, पण बारकाईने वाचलं तर तो परवाना नव्हताच. नोकरी शोधायला तुम्ही लायक आहात, इतकंच त्याचं म्हणणं. म्हणजे मुलगा मुंडावळ्या बांधायला पात्र आहे, मुलगी त्याची त्याने बघावी! एखाद्या शाळेने होकार दिला तर दोन वर्षांचं प्रोव्हिजनल, म्हणजे तात्पुरतं सर्टिफिकेट, आणि त्या काळात धड नांदलात तर पुढे कायमचं.

नववा इंटरव्ह्यू दिला तिथे होकार आला. तोवर ५० तासांचा पूर्वतयारीचा कोर्स झाला होता. पुढचा अभ्यास नोकरी सांभाळून, सगळे मिळून ४०० तास. दिवसभर मी मुलांना गृहपाठ का केला नाही म्हणून विचारायचो आणि संध्याकाळी माझा गृहपाठ का झाला नाही, याची कारणं शोधायचो. मुलांकडची कारणं जास्त दर्जेदार असतात. दोन मी उचललीसुद्धा.

शिवाय एक मेंटॉर मिळाली, माझ्याहून सतरा वर्षांनी लहान. तिच्या मार्गदर्शनाचे १००० डॉलर माझ्याच पगारातून कापले गेले. पहिल्या दिवशी ती म्हणाली, "तुम्ही फळ्याशी छान बोलता. आता मागे वळून बघा." वळलो. सत्तावीस मुलं होती.

मग आलं पहिलं ऑब्झर्व्हेशन. सुपरवायझर बाई मागच्या बाकावर लॅपटॉप उघडून बसल्या. मी वर्गसमीकरण सोडवायला घेतलं. तिसऱ्या ओळीत मुलांची चुळबुळ सुरू झाली, चौथ्या ओळीत हात वर झाले. एरवी डोकं बाकावर टेकवून झोपणारा पोरगा ताठ बसून म्हणाला, "मिस्टर के, तुमचा मायनस कुठे गेला?" एम-थ्रीतही माझा मायनसच गेला होता. घशाला कोरड पडली. तेवढ्यात एक मुलगी म्हणाली, तिसऱ्या ओळीत नाही, दुसऱ्या ओळीतच गेलाय. त्यावरून दोघांची जुंपली. तास संपेपर्यंत अर्धा वर्ग फळ्यापाशी येऊन माझी चूक दुरुस्त करत होता आणि मी खडू वाटत होतो.

दोन दिवसांनी रिपोर्ट आला. 'विद्यार्थ्यांकडून चूक शोधून घेण्याची पद्धत परिणामकारक. पुढेही चालू ठेवावी.'

तेव्हापासून मी तासाला एक चूक मुद्दाम करतो. निदान बायकोला तरी तसंच सांगितलंय.