फॉर्म भरला का रे सगळ्यांनी?

परवा वर्गाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर मीच मेसेज टाकला, "फीडबॅकची लिंक संध्याकाळपर्यंत भरा, हजेरीत धरलं जाईल." धरणार नव्हतो, हे पोरांनाही ठाऊक होतं. तरी तासाभरात ६२ फॉर्म आले. बहुतेकांनी वरपासून खालपर्यंत एकाच रकान्यात टिचक्या मारलेल्या.

मी कॉमर्सचा. राष्ट्रीय शिक्षण धोरण राज्यातल्या संलग्न कॉलेजांत २०२४-२५ला आलं, तेव्हापासून सायन्सच्या पोरांना ओपन इलेक्टिव्ह शिकवतो. दुसऱ्या शाखेतला विषय आवडीने निवडायचा, ही कल्पना मला मनापासून पटते. पण आमच्याकडे ज्या विभागाचा वर्कलोड, म्हणजे शिकवायचे ठरलेले तास, कमी पडतो, त्याचा विषय आधी यादीत बसतो. उरलेली 'आवड' टाइमटेबल ठरवतं.

आमचा फॉर्म नॅकच्या, म्हणजे कॉलेजांचा दर्जा तपासणाऱ्या संस्थेच्या, विद्यार्थी-समाधान सर्वेक्षणाच्या धर्तीवर. पहिलाच प्रश्न, अभ्यासक्रम किती टक्के शिकवून झाला? असे वीस टिचकीचे प्रश्न, एकविसाव्याला तीन सूचना लिहायला जागा. तिथे पोरं 'नाईस' लिहितात किंवा नुसतं टिंब देतात. हा विषय तू घेतलास का, हे कुठेच विचारलेलं नाही.

म्हणून एका तासाला कोरे कागद वाटले. नाव नको, मराठीत लिहा, प्रश्न तेवढा एकच: हा विषय का घेतलात?

"मैत्रिणीने घेतला म्हणून."

"बाकीच्या जागा भरल्या होत्या."

"दीडची एसटी मिळते." (हा सगळ्यात प्रामाणिक. याला पैकीच्या पैकी.)

आणि एक चिठ्ठी: "आईच्या बचत गटाची वही मीच लिहिते. ते या विषयात कधी येणार सर?"

सेमिस्टरचे दोन महिने उलटले होते. मी जर्नल एंट्री, म्हणजे व्यवहाराची वहीतली पहिली नोंद, शिकवताना कुठल्यातरी 'मे. अबक आणि कंपनी'चा माल विकत होतो, आणि वर्गात खरी वही लिहिणारी मुलगी बसली होती. पुढच्या तासाला फळ्यावर बचत गट काढला. वर्गणी, अंतर्गत कर्ज, व्याज, थकलेला हप्ता. मागच्या बाकावरची पोरं भांडायला लागली, थकलेल्या बाईला पुन्हा कर्ज द्यायचं की नाही यावर. घंटा झाली तरी दीडची एसटीवाला उठला नाही. म्हणजे तोच असावा असा माझा अंदाज.

हे तिसऱ्या आठवड्यात विचारलं असतं तर? शेवटी विचारून त्या बॅचला काय मिळतं? ती तर पेपर देऊन मोकळी.

पुढच्या सेमिस्टरची विषययादी काल नोटीस बोर्डावर लागली. ते ६२ फॉर्म अजून एक्सेलमध्येच आहेत.