शैक्षणिक सहल म्हणता आणि म्युझियमला अर्धा तास पण देत नाही?

डोकं फिरलंय म्हणून लिहायलेय. शाळेनं सहावीची "शैक्षणिक सहल" काढली, पत्रकात सगळ्यात वर ठळक अक्षरात आपल्या धाराशिव जिल्ह्यातल्या तेरचं वस्तुसंग्रहालय, आणि प्रत्यक्षात काय तर लेकरं उतरवली, दोन-दोनच्या रांगा लावल्या, हात मागं, काचेला हात लावू नका, बोलू नका, पुढं चला पुढं चला, अर्धा तास पण झाला नसेल की बाहेर आणून बॅनर धरून ग्रुप फोटो, तो लगेच पालकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर, आणि गाडी निघाली वॉटरपार्कला. तिथं मात्र पार संध्याकाळपर्यंत. मेंढरं हाकलावी तशी हाकलली लेकरं.

वॉटरपार्कला माझा विरोध नाही, खेळू द्या की, वय आहे त्यांचं. पण मग पत्रकावर तसं लिहा ना सरळ! एसटी महामंडळ शाळेच्या सहलींना निम्म्या भाड्यात गाडी देतं ते कशासाठी देतं? म्युझियमचं नाव परवानगीच्या कागदापुरतं वापरायचं, पैसे आमच्याकडून घ्यायचे, आणि विचारलं की म्हणायचं "अहो ताई, दाखवलं की म्युझियम."

काय दाखवलं? मुलीला विचारलं काय पाहिलंस, तर म्हणे मूर्ती होत्या, मणी होते, मॅडम म्हणाल्या लवकर चला. बास. तिची काही चूक नाही यात, तिला कुणी काही सांगितलंच नाही तर ती काय सांगणार.

आणि म्युझियम कुठलं तर तेरचं! तेर म्हणजे जुनं तगर, सातवाहनांच्या काळातलं व्यापाराचं मोठं शहर. दोन हजार वर्षांपूर्वी एका ग्रीक बोलणाऱ्या व्यापाऱ्यानं समुद्रमार्गांची माहिती लिहून ठेवली, पेरिप्लस, त्यात आपल्या या गावाचं नाव आहे, भरुचहून पैठण वीस दिवसांवर आणि पैठणहून पूर्वेला तगर दहा दिवसांवर, आणि इथून कापड गाड्यांत भरून भरुचच्या बंदराला जायचं असं लिहिलंय. आपल्या तेरणा नदीच्या काठावरून! त्या म्युझियममध्ये हस्तिदंताची एक छोटी बाहुली आहे, आणि तिच्यासारखीच दुसरी सापडली कुठं तर इटलीतल्या पाँपेईत, इ.स. ७९ मध्ये ज्वालामुखीच्या राखेखाली गाडल्या गेलेल्या शहरात, १९३८ ला. एवढी एक गोष्ट जरी त्या काचेसमोर उभं राहून कुणी सांगितली असती ना, नुसती दहा मिनिटं, तरी लेकरं आयुष्यभर विसरली नसती. सहावीच्या इतिहासात सातवाहन आहेत, परीक्षेला प्रश्न येतो, आणि तेच सातवाहन समोर काचेत ठेवलेले असताना तुम्ही म्हणता लवकर चला?

मला सगळ्यात जास्त राग कशाचा येतो सांगू, ते सगळं ज्या माणसानं जमवलं त्याचं नाव पण लेकरांना कुणी सांगितलं नाही. रामलिंगप्पा लामतुरे. तेरचाच माणूस. पाऊस पडला की तिथल्या पांढरीच्या, म्हणजे जुन्या वस्तीच्या टेकाडांवर मणी, नाणी, मातीची खेळणी वर यायची, लोकांना त्याची किंमत नव्हती, यांनी ती एकेक करून गोळा केली, सांभाळली, म्हणून आज ते म्युझियम उभं आहे. गावातला एक माणूस एवढं करू शकतो हे खेड्यातल्या लेकरांनी ऐकायला नको? त्यांच्या आज्या-पणज्यांच्या शेतात पण असंच काहीतरी निघालं असेल, ते फेकून द्यायचं नसतं हे त्यांना कुणी सांगायचं?

बरं, त्रिविक्रमाचं देऊळ तर पाहिलंच नाही, "वेळ नव्हता". विटांचं, मागून अर्धगोल, मुळात बौद्ध चैत्य, म्हणजे प्रार्थनागृह असावं असं जाणकार सांगतात. तेरच्या जुन्या विटा इतक्या हलक्या की पाण्यावर तरंगतात, हे तर विज्ञानाच्या तासाला पण चालेल. गोरोबाकाकांच्या मंदिरात मात्र दोन मिनिटं नेलं, तिथं पण कुंभार, माती, चाक, काही बोलणं नाही, नारळ फोडला की चला गाडीत.

आणि मग घरी आल्यावर सहलीचा अहवाल. फळ्यावर लिहून दिलेला! सगळ्या वर्गाचा एकच, शब्द न शब्द तोच, "आम्हाला खूप माहिती मिळाली". कुठली माहिती मिळाली ओ? आणि त्याला मार्क पण मिळतात.

शिक्षकांवर किती कामं लादलेली असतात माहितीये मला, परवानग्या, हमीपत्रं, एवढी लेकरं सांभाळायची, एखादं हरवलं तर नोकरी जाईल, ते सगळं मान्य. पण मग जास्त ठिकाणं कोंबता कशाला? एकच ठिकाण करा ना. आणि आपण पालक पण काही कमी नाही, ग्रुपवर मी हे लिहिलं तर एकाचं उत्तर, "म्युझियममध्ये काय बघायचंय, जुनी भांडीच की." ते वाचून अंगाची लाही लाही झाली. मुंबईचं छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय २०१५ पासून बसमध्येच म्युझियम भरून शाळांच्या दारात पाठवतंय, लेकरांना मुळात यायला मिळावं म्हणून, आणि आपल्याकडं अख्खं म्युझियम जिल्ह्यात असून दारातून परत.

मुख्याध्यापकांना पत्र दिलंय. पुढच्या वर्षी तेरला पूर्ण दिवस द्या, आदल्या आठवड्यात वर्गात एक तास त्यावर बोला, वीस-वीसचे गट करा, सोबत माहितीतला एक माणूस ठेवा, आणि अहवाल ज्याचा त्यानं लिहू द्या, चुकला तरी चालेल. "बघू" म्हणालेत. पालकसभेत परत उभी राहून विचारणार आहे, आणि तारीख सांगेपर्यंत खाली बसणार नाही.