मामा असावा तर असा

पंतप्रधान व्हायचं मनात असेल तर आधी जन्माचं ठिकाण नीट निवडा. होतकरू मंडळी नेमकी इथेच गाफील राहतात आणि मग जन्मभर सतरंज्या उचलतात. रॉबर्ट सेसिल यांनी ही चूक केली नाही. ३ फेब्रुवारी १८३० रोजी ते थेट हॅटफिल्ड हाउसमध्ये अवतरले. लंडनच्या उत्तरेला असलेला हा वाडा १६११ साली बांधून झाला. बांधणारा पूर्वज जेम्स राजाचा मंत्री, त्याचा बाप एलिझाबेथ राणीचा मंत्री. पुढे हेच गृहस्थ लॉर्ड सॉल्सबरी म्हणून तीनदा ब्रिटनचे पंतप्रधान झाले. अनुभव किती, असं कुणी विचारलंच असतं तर ‘तीनशे वर्षं’ म्हणून मोकळे झाले असते.

शिक्षणाचं फार मनावर घेऊ नका. ईटनच्या शाळेत पोरांनी त्यांचा इतका छळ केला की पंधराव्या वर्षी त्यांना घरी आणावं लागलं. ऑक्सफर्डला तब्येतीने दगा दिला, तेव्हा विद्यापीठाने त्यांना गणितात मानद चौथा वर्ग दिला. मानद डॉक्टरेट आपण रोज पेपरात वाचतो. पण मानद काठावर पास? उमरावांच्या मुलांसाठी तशी खास सवलतच होती. हा चौथा वर्ग लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

निवडणुकीला मात्र उभं राहावं लागतं. नुसतं उभं. स्टॅमफर्डचा मतदारसंघ नात्यातल्याच एका मार्क्विसच्या, म्हणजे बड्या उमरावाच्या, मुठीत होता. त्यामुळे १८५३ ते १८६८ अशी पंधरा वर्षं हे तिथले खासदार, आणि समोर उमेदवार एकदाही नाही. मग वडील वारले, थोरला भाऊ आधीच गेला होता, आणि साहेब उमरावांच्या सभागृहात जाऊन बसले. तिथे तर मतदार नावाची कटकटच नाही.

लग्नात तेवढा पाय घसरला. १८५७ साली त्यांनी एका न्यायाधीशाच्या मुलीशी, जॉर्जिनाशी लग्न केलं. न्यायाधीश म्हणजे शेवटी पगारी माणूस! वडील संतापले, हात आखडता घेतला आणि बिचाऱ्यांना लेख लिहून संसाराला हातभार लावावा लागला. स्वाभिमानाचा हा धडा जरूर गिरवा. फक्त ज्या साप्ताहिकात लिहाल ते, त्यांच्यासारखंच, मेहुण्याच्या मालकीचं असू द्या.

घरात नवं तंत्रज्ञान आणा. हॅटफिल्डला १८८०च्या दशकाच्या सुरुवातीलाच विजेचे दिवे आले. दिवाणखान्याच्या छताला उघड्या तारा. त्यांनी पेट घेतला की खाली गप्पा मारणारी मंडळी बोलणं थांबवून छतावर उशा भिरकावत, आग विझली की गप्पा पुढे सुरू. बागेतल्या एका मजुराला मात्र १८८१ साली तारेचा धक्का बसला आणि तो जागीच गेला. त्याच्या हाताशी उशी नव्हती. व्यायामाचीही सोय होती. साहेब सहा फूट चार इंच आणि अंगाने भारी, तेव्हा डॉक्टरी सल्ल्यावर उपाय म्हणजे तीनचाकी सायकल. चढावर नोकराने मागून ढकलायचं, उतार लागला की त्यानेच मागे उडी मारून बसायचं. राज्यकारभाराचं याहून सुबक चित्र मला तरी सुचत नाही.

आता मुख्य मुद्दा, मामा. आपल्याकडे पुतण्याला ‘काका, मला वाचवा’ म्हणत शनिवारवाडाभर धावावं लागलं. तिकडे बहीण ब्लांशचा मुलगा आर्थर बालफोर याला साधी हाकसुद्धा मारावी लागली नाही. १८८६ साली तो स्कॉटलंडचा मंत्री, १८८७ साली आयर्लंडचा. इंग्रजीत ‘बॉब इज युअर अंकल’ म्हणतात, म्हणजे काम फत्ते. तो बॉब म्हणजे हाच रॉबर्टमामा, असं सांगतात. छापील वापर सापडतो तो बऱ्याच नंतरचा, त्यामुळे कोशकार नाक मुरडतात. मुरडोत. इंग्रजाला काका-मामा एकच, पण ‘मामा होणे’ हा प्रयोग आपलाच. तो तिकडच्या मतदारांना लागू होतो.

साहेब दोनदा भारतमंत्रीही होते. चौथा वर्ग लक्षात आहे ना? तर याच साहेबांच्या कारकिर्दीत सनदी परीक्षेची वयोमर्यादा २१ वरून १९ वर आली. परीक्षा लंडनला. मुंबई-पुण्याच्या पोराने मिसरूड फुटायच्या आत बोट गाठावी, एवढीच माफक अपेक्षा. १८७५ साली त्यांनी सरकारी टिपणात लिहिलं की, भारताचं रक्त काढायचंच आहे, तर सुरी रक्त साठलेल्या जागी लावावी, आधीच अशक्त झालेल्या भागाला नको. शेतकऱ्याविषयीचा केवढा हा कळवळा! टिपणाची शाई वाळते न वाळते तोच सुप्याला शेतकऱ्यांनी सावकारांचे कर्जरोखे जाळले, आणि पुढच्याच वर्षी दख्खनेत दुष्काळ पडला. दादाभाई नौरोजींनी ते वाक्य जपून ठेवलं आणि जन्मभर सरकारच्या तोंडावर फेकलं.

या दादाभाईंवरून एक इशारा. भाषणात जीभ आवरा. १८८६ साली दादाभाई लंडनमधून पार्लमेंटला उभे राहिले आणि पडले. दोन वर्षांनी एडिंबरोच्या सभेत साहेब म्हणाले, एखादा ब्रिटिश मतदारसंघ काळ्या माणसाला निवडून देईल इतकी आपली प्रगती झाली असेल, असं वाटत नाही. एल्फिन्स्टन कॉलेजात गणित शिकवलेल्या माणसाबद्दल मानद चौथ्या वर्गाचं हे मत! गावात ज्याला कुणी ओळखत नव्हतं, त्याचं नाव देशभर झालं. १८९२ साली सेंट्रल फिन्सबरीतून दादाभाई निवडून आले, पाच मतांनी, फेरमोजणीत तीन. मामा नसला की तीनच मतं जास्त पडतात. त्याच निवडणुकीत साहेबांचं सरकार गेलं.

घाबरू नका. १८९५ साली दादाभाई पडले आणि साहेब परत आले. १९०० सालच्या सरकारात थोरला भाचा बालफोर कॉमन्सचा, म्हणजे निवडून आलेल्यांच्या सभागृहाचा, नेता, धाकटा भाचा व्यापारमंत्री, जावई आरमारमंत्री, थोरला मुलगा परराष्ट्र खात्याचा उपमंत्री. परराष्ट्र खातं त्याआधी स्वतः साहेबांकडेच होतं. लोक सरकारला ‘हॉटेल सेसिल’ म्हणू लागले, कारण त्या नावाचं प्रचंड हॉटेल लंडनला नुकतंच उघडलं होतं. फरक इतकाच की त्या हॉटेलात पैसे टाकले की कुणालाही खोली मिळे.

११ जुलै १९०२ रोजी मामांनी राजीनामा दिला, १२ जुलैला भाचा पंतप्रधान. सरकारात दुसरं कुणी नव्हतं असं नाही. जोसेफ चेंबरलेन होते, बर्मिंगहॅमला स्क्रूच्या कारखान्यात पैसा कमावून वर आलेले. त्याच आठवड्यात त्यांच्या भाड्याच्या बग्गीचा घोडा घसरला, डोक्याला खोक पडली आणि ते अंथरुणावर होते. तेव्हा स्क्रूबिक्रूच्या फंदात पडू नका. आणि भाड्याच्या बग्गीत तर मुळीच बसू नका.