वीस टक्के औषध गेलं कुठं?

आमच्या भावकीच्या ग्रुपवर आठवडाभर एक मेसेज फिरतोय: "जेनेरिक गोळीत 20 टक्के औषध कमी असतं. वाळूज-चिकलठाण्याच्या कंपन्या चांगला माल परदेशी धाडतात, उरलासुरला आपल्या माथी. स्वस्त का मिळतं, समजून घ्या." मी वाळूजला, म्हणजे छत्रपती संभाजीनगरच्या औद्योगिक पट्ट्यात, गोळ्या तपासायचंच काम करतो, म्हणून हे लिहितोय. जेनेरिक म्हणजे मूळ कंपनीचं पेटंट सरल्यावर दुसऱ्या कंपन्या बनवतात ते तेच औषध.

आधी ते 20 टक्के. आकडा हवेतून आलेला नाही, अर्थ मात्र पार उलटा लावलाय. पॅरासिटामॉल 500 च्या गोळीत भारतीय औषधसंहितेप्रमाणे 475 ते 525 मिलीग्रॅम औषध लागतंच, मग ती ब्रँडची असो की जनऔषधीची. कमी भरलं तर बॅच अडकते. शिवाय सहा काचेच्या भांड्यांत, 37 अंशांवर, सहा गोळ्या सोडून आम्ही पॅडल फिरवत बसतो. अर्ध्या तासात किती विरघळलं ते मोजायला. मेसेजमधले 20 टक्के आले ते 80 ते 125 टक्के या चौकटीतून, पण ती वेगळ्याच चाचणीची. त्यात माणसांना मूळ औषध आणि जेनेरिक देऊन रक्तात किती उतरलं ते ताडतात. तिथं नुसती सरासरी चालत नाही, सरासरीच्या दोन्ही बाजूंची शक्य ती चूक धरूनही निकाल चौकटीत बसावा लागतो. खरोखर 20 टक्के कमी उतरणारी गोळी तिथंच गळते. अमेरिकेच्या औषध प्रशासनानं 1996 ते 2007 मधल्या अशा 2,070 चाचण्या पाहिल्या. रक्तात उतरलेल्या औषधाचा सरासरी फरक साडेतीन टक्क्यांच्या आसपास निघाला.

स्वस्ताईचं गूढ काही नाही. 20 वर्षांचं पेटंट सरलेलं, शोधाचा खर्च नाही, डॉक्टरांच्या दारात एमआर, म्हणजे कंपनीचे प्रचारक, उभे करायचे नाहीत. महागड्या ब्रँडचं पाकीटही उलटून बघा: 'मार्केटेड बाय' एक, 'मॅन्युफॅक्चर्ड बाय' भलताच.

उरलासुरला माल? परदेशी ऑर्डरची बॅच वेगळी, कागद वेगळे, लेबल वेगळं. तिकडची तपासणी कडक असते, हे कबूल. पण 2013 मध्ये अमेरिकेनं वोक्हार्ट या औषध कंपनीच्या वाळूजच्या आणि पुढं चिकलठाण्याच्या कारखान्यातल्या मालावर आयातबंदी घातली, तेव्हा अडकला तो परदेशी निघालेला 'चांगला माल'च! नावही काही लहानसहान नव्हतं.

एक सावधगिरी मात्र खरी आहे. फिटची किंवा थायरॉइडची गोळी चालू असेल तर कंपनी सारखी बदलू नका, बदलायचीच तर डॉक्टरांना सांगून. काकांच्या शुगरच्या गोळीला ती अडचण नाही. मेसेज वाचून त्यांनी ती मंगळवारपासून बंद केलीय म्हणे. काका, आजच्या आज डॉक्टरांकडे जाऊन या आणि परत चालू करा.