मागच्या हबचा दावा

जुन्या सायकलचा पुढचा हब, म्हणजे चाकाचा मधला गाभा, उघडणं ही करमणूक असते. मागचा म्हणजे दिवाणी दावा, नुसती तारखेवर तारीख.

मागून कटकट यायला लागली, म्हणून म्हटलं कोन, म्हणजे छर्रे ज्यांच्यावर धावतात ते ॲक्सलवरचे (चाकाच्या आसावरचे) शंकू, बघावेत. पण उजव्या कोनाच्या वाटेत फ्रीव्हील, म्हणजे चेनच्या दातेरी चकत्यांचा गठ्ठा, आडवं. ते हबच्या आट्यांवर बसतं आणि पेडल मारावं तसतसं आणखी आवळतं. म्हणजे इतकी वर्षं प्रत्येक चढावर मी घाम गाळून तेच तर करत होतो! ते काढायचं हत्यारही बनावटीगणिक वेगळं. कुणाला दोन खाचा, कुणाला चार, कुणाला आतून दाते. माझ्याकडे दोन खाचांचं, फ्रीव्हीलला चार. पुढची तारीख.

योग्य हत्यार मिळाल्यावर ते व्हाइसमध्ये धरून अख्खं चाकच पिळलं, तेव्हा कडाड् करून सुटलं. आतला ॲक्सल टेबलावर लोळवला, तर तो लंगडत गेला. वाकलेला! त्याचाही काय दोष? पाच गिअरना फ्रेमच्या मागच्या चिमट्यात 120 मिलिमीटर जागा होती, सहा-सातला 126 झाली, आठला 130. गिअर वाढले उजवीकडे, पण उजवं बेअरिंग मात्र फ्रीव्हीलच्या आतल्या बाजूलाच राहिलं. त्याच्या बाहेरचा ॲक्सल निराधार, जाडी 10 मिलिमीटर, आणि वर मी. (माझा आकडा विचारू नये.)

शिमानो कंपनीने 1978 साली फ्रीहब, म्हणजे फ्रीव्हीलची यंत्रणा पोटातच असलेला हब, आणून बेअरिंग पार टोकाला नेलं. ब्रिटनच्या बेलिस-वायली कंपनीला हीच युक्ती दुसऱ्या महायुद्धाआधी सुचली होती, पण तेव्हा कुणाला गरज वाटली नाही. माझी सायकल त्या काळातली नसूनही त्याच मताची.

कोनावर छर्रे धावतात त्या वाटेवर खड्डे पडले होते, तेही फक्त एका बाजूला. कोन फिरत नाही, त्यामुळे भार कायम खालच्या बाजूवर. वरची बाजू नवीकोरी, बसून खाल्लेली. छर्रे दोन्हीकडे नऊ-नऊ, पाव इंची. त्यातला एक कपाटाखाली रवाना.

नवा ॲक्सल, नवे कोन, ग्रीस, सगळं झालं. उरलं फक्त कोन आवळणं. क्विक रिलीजचा, म्हणजे चाक झटकन काढता-बसवता येणाऱ्या पकडीचा, खटका दाबला की ॲक्सल किंचित आखडतो, म्हणून कोन आधी जरासा सैल ठेवायचा. जरासा म्हणजे किती? ज्या जाणकाराला विचारावं तो डोळे बारीक करतो, अंगठा आणि तर्जनी जवळ आणतो आणि म्हणतो, "एवढा."