गोधडी, ट्रॅक्टरचं सीट आणि न उघडणारा मोबाइल : टूलरूमवाल्या काकांना उत्तर

नमस्कार काका,

तुम्ही नाव दिलेलं नाही, सही 'एक जुना टूलरूमवाला' अशी केलीत (टूलरूम म्हणजे कारखान्यात साचे, अर्थात डाय, बनतात तो विभाग), म्हणून काका म्हणतो. टाकाऊ आणि रोजच्या वापरातल्या वस्तूंच्या डिझाइन प्रदर्शनांवर मी जो लेख लिहिला, त्यावरची तुमची प्रतिक्रिया लांबलचक आहे आणि चांगली झणझणीतही. तिला खाली दोन ओळींत 'धन्यवाद' म्हणून मोकळं होणं मला पटेना.

ज्यांनी ती वाचली नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. काकांचं म्हणणं असं : चिंध्यांची खुर्ची करून ती लाखांत विकणं हा श्रीमंतांचा चोचला आहे, आपल्या आज्या तेच काम गोधडी शिवून करत होत्या. ट्रॅक्टरच्या सीटचं स्टूल करणाऱ्या इटालियन माणसांचं कौतुक कशाला, तसली सीटं आमच्या गावी गंजत पडली आहेत. टाकलेल्या वस्तू कामाला लावण्याचं काम आपला भंगारवाला रोज करतो, त्याच्यावर कुणी दिवे सोडत नाही. जुगाडात तर आपला हात कुणी धरू शकत नाही. आणि प्रदर्शन उठल्यावर प्लायवूड नि फ्लेक्सचा ढीग उरतो, त्याचं काय?

खुर्चीपासून सुरुवात करतो. तेयो रेमी या डच डिझायनरने ती १९९१ साली केली. साधारण १५ पिशव्या भरतील एवढ्या चिंध्या थरावर थर रचून पोलादी पट्ट्यांनी आवळलेल्या. त्याच वर्षी त्याने कुठून कुठून मिळवलेले २० जुने खण एकावर एक रचले, प्रत्येकाला नवी लाकडी चौकट दिली आणि सगळा डोलारा सामान बांधायच्या पट्ट्याने बांधून कपाट म्हणून उभा केला. १९९३ मध्ये रेनी रामाकर्स आणि खेइस बाकर यांनी मिलानला तरुण डच डिझायनरांच्या अशा वस्तू मांडल्या आणि 'द्रोख' हे त्यांच्या गटाचं नाव जगभर झालं. ते कपाट आज न्यूयॉर्कच्या आधुनिक कला संग्रहालयात आहे. आधीचं दशक रंगीत लॅमिनेट आणि चकचकीत फर्निचरचं होतं. त्या पार्श्वभूमीवर दोरी-पट्ट्याने बांधलेलं कपाट दिसलं तेव्हा लोक दचकले, एवढं त्याचं ऐतिहासिक महत्त्व. खुर्ची हातानं होते, थोड्याच होतात, म्हणून महाग. तिच्यावर रोज कुणी बसतं का, हा तुमचा प्रश्न रास्त आहे. मी तरी घरात ठेवणार नाही. धुणार कशी?

गोधडी तिच्यापेक्षा केव्हाही सरस. पण ती सरस का, हे जरा टूलरूमच्या नजरेनं बघा. सुती लुगडं वर्षानुवर्षं धुऊन मऊ पडलेलं असतं. सुई त्यातून सहज जाते, थर एकमेकांना धरून राहतात, घाम टिपला जातो, विरलेला थर बदलून पुन्हा धावदोरा घालता येतो. आता हीच गोधडी पॉलिएस्टरच्या साड्यांची शिवून पाहा. थर सरकतात, अंगाखाली गरम होतं, आणि ती साडी मऊ पडायची म्हणून पडत नाही. बोहारीणसुद्धा साडी हातात घेतली की आधी पोत चाचपते. म्हणजे आजीच्या हुशारीतला निम्मा वाटा लुगड्याचा होता. आजीचा हात आजही तोच आहे. मागावरून, खरं तर कारखान्यातून, येणारा माल बदलला आहे.

मला प्रदर्शनांबद्दल जे म्हणायचं आहे ते इथेच आहे. टाकलेल्या वस्तूपासून दुसरी वस्तू बनवून दाखवणाऱ्या प्रदर्शनांत मला मर्यादित रस आहे. ज्या प्रदर्शनातून वस्तू बनवणाऱ्याला 'तू ही अशी का बांधलीस?' असं विचारलं जातं, ते मला हवं आहे.

तुमच्या ट्रॅक्टरच्या सीटचंही तसंच. आकिले आणि पिएर जाकोमो कास्तिग्लिओनी या भावांनी ते स्टूल १९५७ साली कोमोच्या व्हिला ओल्मोमधल्या प्रदर्शनात मांडलं. कारखान्यातून बाजारात यायला त्याला १९७० च्या आसपासपर्यंत थांबावं लागलं. आणि ते भंगारातून आलेलं नाही, विकत मिळणाऱ्या स्टुलाचं सीट नवंच असतं. सीट, एक वाकवलेली स्प्रिंगसारखी पोलादी पट्टी, खाली आडवं लाकूड आणि सगळं आवळायला विंग नट. पाना लागत नाही, बोटांनी उघडतं. चार भाग, चारही डोळ्यांसमोर, काहीही लपवलेलं नाही. गावच्या गंजक्या सीटवर तुम्ही बसलात तरी तेवढाच आराम मिळेल, हे कबूल. पण जोड कसा असावा याचा धडा म्हणून हे स्टूल तुम्ही तुमच्या अप्रेंटिस पोरांना नक्की दाखवलं असतंत, असं मला वाटतं.

आता जुगाड. या शब्दाचा आपल्याला जरा जास्तच अभिमान आहे, म्हणून मुद्दाम दूरचं उदाहरण देतो. सोव्हिएत संघ कोसळला आणि १९९० च्या दशकात क्युबात टंचाई आली. तेल नाही, सुटे भाग नाहीत. लोकांनी कपडे धुण्याच्या सोव्हिएत 'औरिका' मशीनमधली कपडे पिळायची मोटर काढून तिचे पंखे केले. एकाने तर पंख्याला बूड म्हणून जुना टेलिफोन वापरला. कँटीनच्या ॲल्युमिनियमच्या ताटांचे टीव्ही अँटेना झाले. सायकलींना मिळेल ते छोटं इंजिन जोडून फटफट्या झाल्या. तिथल्या लष्कराने तर घरगुती उपायांचं एक जाडजूड पुस्तकच छापलं. एर्नेस्तो ओरोसा या डिझायनरने हा सगळा पसारा गोळा केला, नोंदवला आणि पुढे देशोदेशी प्रदर्शनांतून मांडला. या वृत्तीला त्याने 'तांत्रिक अवज्ञा' असं नाव दिलं.

त्या पंख्यांपेक्षा मला त्यामागचं कारण जास्त महत्त्वाचं वाटतं. क्युबातल्या घराघरांत तीच मशीन, तीच मोटर, तेच स्क्रू होते, कारण माल एकाच ठिकाणाहून येत होता. एकाने शोधलेली युक्ती गल्लीतल्या सगळ्यांना लागू पडायची. आणि ते यंत्र उघडता येत होतं. क्युबन माणूस आपल्यापेक्षा जास्त जुगाडू आहे असं काही नाही, आणि आपणही कुणापेक्षा जास्त नाही. हातात आलेली वस्तू उघडू देते का, यावर जुगाड चालतो. आजचा मोबाइल घेऊन त्याच हवानातल्या त्याच माणसाला बसवा, तोही डोकं खाजवेल.

म्हणून भंगारवाल्याकडे येतो. त्याला तुम्ही मोठं केलंत, बरं वाटलं. पण तो काय उचलतो याबरोबर काय उचलत नाही तेही बघायला हवं. तांबं, पितळ, लोखंड, रद्दी, पाण्याच्या बाटल्या तो घेतो. वेफर्सच्या आतून चंदेरी पाकिटाला तो हात लावत नाही, कारण प्लास्टिक आणि धातूचा मुलामा एकमेकांपासून सुटत नाहीत आणि त्याला गिऱ्हाईक नाही. त्याचा नकार म्हणजे खरं तर त्या पाकिटाच्या डिझाइनवरचा शेरा आहे. तो शेरा कंपनीपर्यंत पोचवणारं कुणी नाही. आणि जे तो घेतो त्याचीही किंमत असते. दिल्लीच्या सीलमपुरात सर्किट बोर्ड तापवून, आम्लात बुडवून धातू काढतात. तो धूर माणसांच्याच छातीत जातो. हे काम 'आपल्याकडे आपोआप होतं' म्हणून आपण खूश व्हावं, असं मला वाटत नाही.

हा शेरा पोचवण्याचा प्रयत्न करणारं एक काम सांगतो. माझ्या लेखात त्याला दोनच ओळी होत्या. फोर्माफान्तास्मा ही आंद्रेआ त्रिमार्की आणि सिमोने फारेसिन या दोन इटालियन डिझायनरांची जोडी. मेलबर्नच्या नॅशनल गॅलरी ऑफ व्हिक्टोरियाने त्यांच्याकडून 'ओअर स्ट्रीम्स' हे काम करवून घेतलं, ते २०१७ मध्ये तिथे लागलं. पुढे २०१९ मध्ये क्युरेटर पाओला अँतोनेल्ली यांनी मिलानच्या त्रिएन्नाले या डिझाइन संस्थेत भरवलेल्या 'ब्रोकन नेचर' या प्रदर्शनातही आलं. विषय ई-कचरा. त्यात टेबल, कपाट, खुर्ची असं ऑफिसचं फर्निचर आहे, ई-कचऱ्याचे भाग आणि त्यातून परत मिळवलेले धातू वापरून केलेलं. ते फार देखणं आहे आणि, माझ्या मते, सगळ्या कामातला सर्वांत कच्चा भाग तोच. सोन्याचा मुलामा दिलेला तुकडा पाहून प्रेक्षक 'वा' म्हणतो आणि पुढे जातो.

खरा ऐवज बाजूला, चित्रफितींत आहे. त्या दोघांनी रिसायकलिंग करणाऱ्यांशी, अभ्यासकांशी, कायद्याच्या आणि तपास यंत्रणांच्या माणसांशी बोलून मुलाखती नोंदवल्या. उपकरणं एकेक करून खोलली आणि खोलताना चित्रित केली. त्यातून निघालेल्या गोष्टी ऐकून तुम्ही मान डोलवाल. वायरचं काळं रबरी आवरण घ्या. कचरा वेगळा करणारी यंत्रं प्रकाशाच्या साहाय्याने पदार्थ ओळखतात आणि काळा रंग त्यांना नीट दिसत नाही. आतलं तांबं त्यामुळे हातचं जातं. उपाय काय, तर वायर काळी करू नका. एवढंच! नवा शोध नाही, नवा पदार्थ नाही, फक्त रंगाच्या रकान्यात दुसरा रंग. तसंच गोंदाऐवजी स्क्रू, आणि तेही सगळीकडे एकाच जातीचे. घातक भाग खोलणाऱ्याला लांबूनच कळावा म्हणून त्याला ठरावीक रंग. अशा सूचना त्यांनी केल्या. पंचवीस पैशाचा बदल ड्रॉइंगवर केला असता, तर शेवटच्या टोकाच्या पोराची बोटं वाचली असती.

हे काम भंगारवाला करू शकत नाही, कारण त्याला ड्रॉइंग ऑफिसात कुणी बसवत नाही. प्रदर्शनाला निदान आत यायचं आमंत्रण असतं, कंपन्यांची माणसं तिथे येतात, विद्यार्थी येतात. प्रदर्शनामुळे कायदे बदलले असा दावा मी करणार नाही. पण हाच प्रश्न कायद्यातही शिरला आहे. फ्रान्समध्ये १ जानेवारी २०२१ पासून मोबाइल, लॅपटॉप, टीव्ही, वॉशिंग मशीन अशा वस्तूंवर दुरुस्तीसाठी १० पैकी गुण छापणं बंधनकारक झालं. किती सहज उघडतं, सुट्या भागांची किंमत काय, यावर ते गुण. युरोपीय संघात फेब्रुवारी २०२७ पासून छोट्या उपकरणांची बॅटरी, काही सवलती सोडल्या तर, वापरणाऱ्याला स्वतः काढता आली पाहिजे. आपल्याकडे केंद्र सरकारने २०२२ च्या डिसेंबरात 'राइट टू रिपेअर', म्हणजे दुरुस्तीच्या हक्काचं, पोर्टल सुरू केलं. गुण छापणं अजून आपल्या खोक्यांवर आलेलं नाही.

धारावीचा उल्लेख तुम्ही केलात, तर एक सांगून टाकतो. २०१६ मध्ये नेदरलँड्समधून आलेल्या दोघांनी तिथे 'डिझाइन म्युझियम धारावी' नावाचं चाकांवरचं छोटं संग्रहालय फिरवलं. तिथलीच मडकी, तिथलेच झाडू, तिथल्याच कारागिरांचा माल. परदेशी वृत्तपत्रांत त्याचं भरपूर कौतुक झालं. वस्तू जिथे बनते तिथेच ती दाखवायची ही कल्पना मला आवडली. पण कुंभारवाड्यातल्या माणसाला मडकं चांगलं आहे हे बाहेरच्यानं येऊन सांगायची गरज नव्हती, या तुमच्या टोमण्याला माझ्याकडे तोड नाही.

त्यापेक्षा गोव्यातलं बाणावलीचं 'गोवा चित्र' बघा. व्हिक्टर ह्यूगो गोमिश यांनी शेतीची आणि घरातली टाकून दिलेली अवजारं वर्षानुवर्षं गोळा करून २००९ मध्ये ते उघडलं. इमारतीतही पाडलेल्या जुन्या घरांचं सामान वापरलं आहे. पुण्याच्या केळकर संग्रहालयात वज्री, अडकित्ते, दिवे पाहताना जो आनंद होतो तोच इथे होतो. फरक इतकाच, की नांगर नि घाणा पाहताना कुठला भाग झिजणार आणि कुठला बदलता येणार, हे आपोआप दिसतं.

फ्लेक्स आणि प्लायवूडचा मुद्दा थोडक्यात संपवतो, कारण तिथे मी तुमच्याच बाजूचा आहे. लंडनच्या डिझाइन म्युझियममध्ये ऑक्टोबर २०२१ ते फेब्रुवारी २०२२ या काळात 'वेस्ट एज' हे कचऱ्यावरचंच प्रदर्शन भरलं, तेव्हा त्यांनी मांडणीसाठी न भाजलेल्या विटा वापरल्या, प्रदर्शनाचा कार्बनचा हिशेब केला आणि तो अनुभव पुढे इतर संग्रहालयांसाठी लिहून काढला. आपल्याकडच्या किती आयोजकांनी असा हिशेब मांडला, हे विचारायला हरकत नाही. मी विचारतो, तेव्हा बहुतेक वेळा विषय बदलला जातो.

मला पुण्यात किंवा मुंबईत बघायला आवडेल असं एक प्रदर्शन तुमच्यासारख्यांशिवाय होणार नाही. त्यात चिंध्यांची खुर्ची नको. एका टेबलावर प्रेशर कुकर सुटा करून ठेवायचा : शिट्टी, रिंग, सेफ्टी व्हॉल्व्ह, हँडलचा स्क्रू. प्रत्येक भाग कुठल्याही गावच्या भांड्यांच्या दुकानात मिळतो. शेजारी मिक्सर, त्याचा कपलर (भांडं मोटरला जोडणारा भाग) काढून. आणि त्याच्या शेजारी गोंदानं चिकटवलेला वायरलेस इअरफोन, तोही उघडायचा प्रयत्न केल्यानंतरच्या अवस्थेत. पाटीवर फक्त प्रत्येक जोडाची माहिती.

तेव्हा काका, मला एक माहिती हवी आहे. तुमच्या प्रतिक्रियेत ओझरता उल्लेख आहे, की तुमच्या काळात एका उपकरणाच्या बॉडीवरचे स्क्रू काढून क्लिपचे जोड आले आणि डाय नव्याने करावी लागली. तो निर्णय कुठे झाला? खरेदी विभागात, असेंब्लीचे सेकंद वाचवायला, की सर्व्हिस सेंटरचा धंदा वाढावा म्हणून? कंपनीचं नाव देऊ नका, पण बैठकीत कोण काय म्हणालं आणि टूलरूमच्या माणसांनी काही हरकत घेतली होती का, ते सविस्तर लिहा. तुम्ही लिहिलंत तर ते मी इथेच, तुमच्याच शब्दांत छापीन.